माराचा चेक

अर्लिस कोटेक स्वतःच्याच कॉलेजविरुद्ध पैज लावते, ही बातमी आमच्या केलोग्ज बेंड गावात फुटली ती विल्माच्या खानावळीत, सकाळच्या कॉफीच्या वेळी. फुटली म्हणजे विल्मानंच फोडली. तिच्या मेहुण्यानं म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दक्षिणेतल्या त्या अवाढव्य स्टेडियमात आपल्या पोरांनी शेवटच्या क्षणाला सामना मारला, इथून गेलेली मंडळी एकमेकांच्या गळ्यात पडली, बँडवाल्यांनी टोप्या उडवल्या, आणि अर्लिस मात्र पायरीवर मटकन बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"आनंदानं रडली असेल गं," कुणीतरी टेबलावरून म्हणालं.

"आनंदाचं रडणं मला कळत नाही होय?" विल्मा कॉफी ओतत म्हणाली. "माझी तीन लग्नं झालीत. ही पैसे बुडाल्याची रड होती."

आणि पुरावा हवा असेल तर तोही होता. त्याच महिन्यात अर्लिसनं आपली ब्यूइक गाडी विकली होती आणि ती चालत ऑफिसला जायला लागली होती. विल्मा एवढं बोलून थांबायची, ओल्या फडक्यानं टेबल पुसायची आणि म्हणायची, "आता तुमचं तुम्हीच काय ते समजा. मी कुणाचं नाव घेत नाही." नाव तर तिनं पहिल्याच वाक्यात घेतलेलं असायचं.

अर्लिसला ओळखणाऱ्याला ही बातमी पचायला जड जायला हवी होती, पण पचनाची तक्रार आमच्या गावात कुणालाच नाही. काटकुळी बाई, चष्म्याला साखळी, हिवाळा असो की उन्हाळा, अंगात तोच हिरवा स्वेटर, डब्यात तेच अंड्याचं सँडविच. कॉलेजच्या खेळ विभागाचे पैसे सांभाळायला ती लागली तेव्हा तिचे केस तांबडे होते. त्यानंतर विभागाला किती संचालक आले आणि गेले, याची याद तिलाही नव्हती. प्रत्येक जण येताना नवं घोषवाक्य आणि नवा गालिचा घेऊन यायचा. जुना गालिचा काढायला पैसे नसायचे, म्हणून नवा त्याच्यावरच अंथरायचे. "थोडी कळ काढा," अर्लिस म्हणायची, "अजून दोन संचालक आले की माझा हात छताला पोचेल."

बाहेरच्याला वाटायचं, कॉलेजचा फुटबॉल, तो आमच्याकडचा बॉल हातात घेऊन पळायचा आणि एकमेकांना आडवं करायचा खेळ, म्हणजे पैशांचा पाऊस. असेलही, मोठ्या ठिकाणी. आमच्या संघाचं नाव मस्करॅट, म्हणजे नदीकाठची घूस म्हणा ना, आणि घुशीला बघायला तिकीट काढून कोण येणार? तिकिटांत बसचं डिझेल सुटायचं नाही. बराचसा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून जायचा आणि आपण तो देतो हे विद्यार्थ्यांना ठाऊक नसायचं. शुक्रवारी तळलेल्या माशांचं देणगीजेवण व्हायचं. तिथे बियाण्याचा व्यापारी दोन हजार डॉलर द्यायचा आणि बदल्यात धावफलकावर आपल्या टोपीएवढं नाव मागायचा. एवढं करूनही जे भोक उरायचं, ते भरायचं एकच साधन होतं. मार खाणं.

यात लपवाछपवी काही नाही, सगळं करारावर. सप्टेंबर उजाडला की मोठ्या विद्यापीठांना आपल्या घरच्या मैदानावर हमखास जिंकता येईल असा पाहुणा लागतो. लाखभर माणसं तिकीट काढून बसणार, त्यांना मजा यायला हवी. मग ते एखाद्या गरीब कॉलेजला बोलावतात, भरपूर पैसे देतात आणि मनसोक्त बडवतात. कागदावर त्याला 'हमीचा सामना' म्हणत. अर्लिस 'माराचा चेक' म्हणायची. एका शनिवारच्या मारावर कुस्ती, टेनिस, मुलींचं गोल्फ आणि मुलींचं पोहणं वर्षभर जगायचं.

जेवणाचे पैसे तिच्याच पाकिटात असल्यानं ती दर वर्षी संघाबरोबर बसनं जायची. वर बसून खाली बघायची. आपल्या पोराला त्यांच्या एखाद्या रेड्यानं उताणा पाडला की तिच्या मनात यायचं, ही कुस्तीवाल्यांची बस. दुसरा पडला की, ह्या टेनिसच्या जाळ्या. परतताना पोरं गुडघ्यांना बर्फ बांधून झोपायची आणि हिला झोप यायची नाही. पहिली काही वर्षं तिला याची लाज वाटायची. पुढे लाज वाटेनाशी झाली आणि तिच्या जागी नुसता थकवा आला, आणि तो काही गेला नाही.

मोरीन ओस्टरगार्ड ही पोहण्याची कोच. दोघी एकाच वर्षी कॉलेजात लागल्या, एकाच वर्षी विधवा झाल्या, आणि शुक्रवारी मासे खायला एकाच बाकावर बसायच्या. मोरीनचा आवाज असा की तलावाच्या या टोकाला बोलली की त्या टोकाची मुलगी पाण्याखालून ऐकायची. तिचा तलाव मात्र मरायला टेकला होता. छप्पर गळत होतं, हवा खेचायचं यंत्र गंजलं होतं आणि छताच्या रंगाचे पोपडे मुलींच्या अंगावर पडायचे. मुली म्हणायच्या, "कोच, जिंकायच्या आधीच फुलं टाकताहेत आमच्यावर."

त्या वेळचा संचालक ब्रेंट हॅलिगन. वय कमी, दात पांढरे, आधी बुटांच्या कंपनीत विक्रीला होता. त्याला तलाव बंद करायचा होता.

"अर्लिस, पोहणं बघायला येतं कोण?" तो म्हणाला. "आया आणि आज्या."

"फुटबॉलला त्याही येत नाहीत, ब्रेंट."

तो हसला. वाईट नव्हता पोरगा, विकायला काही नसलं की कासावीस व्हायचा एवढंच. अर्लिसनं त्याला कोंडीत पकडलं. यंदाचा चेक नेहमीपेक्षा मोठा होता, कारण मारणारे नेहमीपेक्षा मोठे होते. त्यातून छप्पर आणि यंत्र दोन्ही होण्यासारखं होतं.

"ठीक आहे," ब्रेंट म्हणाला. "चेक अख्खा हातात राहिला तर तलाव दुरुस्त, आणि पोहणं चालू. नाहीतर मे महिन्यात कुलूप."

त्यानं हात पुढे केला. अर्लिसनं तो दोन्ही हातांत धरला आणि थेट तलावावर गेली. मोरीननं ऐकलं, शिट्टी फुंकली आणि सगळ्या मुलींना पाण्यातून बाहेर बोलावून सांगितलं. ओल्याचिंब मुलींनी अर्लिसला मिठ्या मारून तिचा हिरवा स्वेटर पिळायच्या लायकीचा करून टाकला.

"अगं, एवढं कसलं नाचताय?" अर्लिस म्हणाली. "फक्त हरायचंय. ते आपल्याला येतं."

आता थोडं मागे जायला हवं. फुटबॉलचा कोच थॅडियस रेनी त्याआधी दोन वर्षं अलाबामाहून आला होता. गोड बोलणारा, अंगानं दांडगा, सगळ्या बायकांना 'मिस' लावून हाक मारणारा. त्याचा पगार ठरवायला त्याचा दलाल आला, चकचकीत बूट घालून. पगार द्यायला ब्रेंटकडे काही नव्हतं. मग त्यानं असल्या सगळ्याच गरीब कॉलेजांचे संचालक करतात ते केलं. पगाराच्या जागी बक्षिसं लिहिली, आणि तीही अशा गोष्टींची की ज्या कधी घडणार नाहीत. मोठ्या गटातल्या कुठल्याही विद्यापीठाला हरवलं तर कोचला घसघशीत रक्कम. त्याच्या हाताखालच्या प्रत्येक कोचलाही, अगदी खालच्यापर्यंत. शिवाय करार आपोआप वाढणार आणि पगारही.

अर्लिसनं कागद वाचला. "ब्रेंट, हे कशाला लिहितोयस?"

"अगं, दलाल खूश, कोच खूश, आणि आपल्या खिशाला एक डॉलरचीही झळ नाही. आपण त्या लोकांना हरवणार? चंद्र आपल्या पार्किंगमध्ये पडला तर प्रत्येकाला एकेक घोडा देईन, असं लिहिलंय मी."

अर्लिसला हसू फुटलं. हसत हसतच तिनं कोपऱ्यात आपली सही केली, कागद कपाटात गेला आणि तिच्या डोक्यातूनही गेला.

त्या शनिवारी दक्षिणेत उकाडा असा की स्वेटर पहिल्यांदाच काढून मांडीवर ठेवावा लागला. अर्लिस नेहमीसारखी वर बसली, शेजारी विल्माचा मेहुणा. नेहमीसारखी मारामारी सुरू झाली. पण काहीतरी बिघडलं होतं. त्यांची पोरं सुस्त होती, बॉल हातातून निसटत होता. आपली पोरं पडत होती, पण उठत होती. अर्ध्या सामन्याला आपण थोडेसेच मागे होतो आणि अर्लिस चक्क टाळ्या वाजवत होती. घूस झाली तरी आपली घूस.

चार भागांपैकी तिसऱ्या भागात आपण पुढे गेलो. सगळं स्टेडियम चिडीचूप झालं. आपला बँड तेवढा केकाटत होता. मेहुण्यानं तिच्या खांद्यावर थाप मारली. "अर्लिस, आज घोड्यावर बसवून नेतील आपल्याला!"

घोडा हा शब्द तिच्या कानात शिरला आणि तिचे हात हवेतच थांबले. कपाटातला तो कागद ओळीनं ओळ तिच्या डोळ्यांपुढे आला. खाली उड्या मारणारे रेनीचे सहायक ती बोटानं मोजायला लागली. एक हात संपला, दुसरा संपला, आणि अजून माणसं उरली होती.

तेवढ्यात फोन वाजला. मोरीन.

"अगं बघतेयस ना तू?" ती किंचाळत होती. मागे मुलींचा कालवा. "आम्ही सगळ्या तलावावर टीव्ही लावून बसलोय! जिंकतोय गं आपण!"

"बघतेय," अर्लिस म्हणाली.

"मग गप्प का? ओरड की जरा! जन्मभर मार खाल्लेला बघितलास, आज एकदा ओरड!"

"घसा बसलाय," अर्लिस म्हणाली आणि फोन मांडीवरच्या स्वेटरमध्ये गुंडाळला. आतून मोरीन बारीक आवाजात ओरडतच होती.

शेवटी ते एका गुणानं पुढे गेले आणि घड्याळ संपत आलं. आपला बॉलला लाथ मारणारा पोरगा, केव्हिन म्हणा की कॉनर, पुढे झाला. आठवडाभर त्याची एकही लाथ सरळ गेली नव्हती. अर्लिसला हे ठाऊक होतं. तो पळत आला तेव्हा तिनं काय मागितलं, ते तिचं तिलाच माहीत. बॉल दोन खांबांच्या बरोबर मधून गेला. पुढचं मेहुण्यानं पाहिलं, आणि जे पाहिलं ते खोटं नव्हतं.

गावात दोन दिवस कुणी कामाला गेलं नाही. अग्निशमन दलाच्या बंबावर पोरांना बसवून फिरवलं, बेकरीवाल्यानं घुशीच्या आकाराचे डोनट काढले, ब्रेंट उघड्या गाडीतून हात हलवत होता. मंगळवारी तो नवा टी-शर्ट घालून ऑफिसात आला.

"अर्लिस! टी-शर्ट बघ! किती खपतील सांग!"

अर्लिसनं तो कागद त्याच्यापुढे सरकवला. ब्रेंटनं वाचला. परत वाचला. पांढरे दात दिसायचे बंद झाले.

"हे मी लिहिलं?"

"चंद्र पडला, ब्रेंट. घोडे काढ."

"पण टी-शर्ट..."

"टी-शर्ट चांगले खपतील. बँडच्या बसचं भाडं निघेल."

तो खुर्चीत बसला. कागदाचा कोपरा निरखून पाहिला. मग हळूच म्हणाला, "तुझी पण सही आहे गं."

"आहे," अर्लिस म्हणाली. "मला तो घोड्यांचा विनोद आवडला होता."

एक वाट उरली होती. रेनीला विचारायचं, तुझा वाटा सोडतोस का? अर्लिसनं मनात वाक्यं जुळवली. पण ती त्याच्या खोलीकडे जायच्या आधी तोच आला, दारात टोपी काढून उभा राहिला. एवढा मोठा माणूस, पण डोळे सुजलेले.

"मिस अर्लिस, तुमचे आभार मानायचे होते. बक्षिसाचे कागद तुमच्याकडून जातात म्हणे."

"माझे कसले आभार, कोच?"

"बचावाच्या पोरांना शिकवणारा माझा टोबी, तो वर्षभर ऑफिसात घडीच्या खाटेवर झोपतोय. बायको-मुलगी सासरी. आज घर भाड्यानं घेतलं त्यानं. आणि म्हातारा हार्लन, त्याच्या बायकोच्या इस्पितळाचं बिल राहिलं होतं. सगळ्यांना सांगितलं मी, मिस अर्लिस असताना पैसे अडत नाहीत." तो घुटमळला. "तुम्हाला काही बोलायचं होतं का?"

"नाही," अर्लिस म्हणाली. "छान खेळलात."

सगळी बक्षिसं गेली. चेकमधलं जे उरलं ते कुस्तीच्या बसला आणि टेनिसच्या जाळ्यांना लागलं. नाताळच्या आधी रेनीला एका श्रीमंत विद्यापीठानं पळवलं. त्यानं मध्येच सोडलं तर त्यानं भरपाई द्यायची, असं काही कलम करारात नव्हतं. ह्याला कोण नेणार, असं ब्रेंटला वाटलं होतं. पुढल्या वर्षासाठी अर्लिसनं मोठ्या विद्यापीठांना फोन लावले तर सगळीकडे एकच उत्तर, अगदी साखरेत घोळलेलं: तारखाच शिल्लक नाहीत हो. मार खायला बोलावलेला माणूस उलट मारतो, हे सगळीकडे कळलं होतं. ब्रेंटही वसंतात गेला. त्याचा गालिचा तेवढा राहिला.

मोरीनला सांगायचं काम कुणी अर्लिसला दिलं नव्हतं, पण दुसऱ्या कुणी ते केलंही नसतं. तिनं ते सांगितलं तेव्हा सामन्याला जेमतेम आठवडा झाला होता. दुपारची वेळ, मुली वर्गांत, तलाव रिकामा. मोरीन जाळीच्या लांब दांड्यानं पाण्यावरचे पोपडे काढत होती. अर्लिस काठावरच्या बाकावर बसली आणि तिनं सांगितलं, सगळं, घोड्यांसकट.

मोरीनचा दांडा थांबला नाही. एक फेरी पूर्ण झाली, मग ती म्हणाली, "म्हणजे ती लाथ बाहेर गेली असती तर तलाव राहिला असता."

"हो."

"आणि आम्ही इथे नाचत होतो."

"हो."

"तुला फोन करून ओरड म्हणत होते मी." मोरीन बाकावर येऊन बसली. दांड्याचं पाणी दोघींच्या बुटांवर गळत होतं. "खरं सांग. टाळ्या वाजवल्यास का तू?"

"तिसऱ्या भागापर्यंत."

मोरीन खो खो हसली. रिकाम्या तलावात तो आवाज घुमला आणि छतावरून एक पोपडा सुटून पाण्यात पडला. मग ती हसायची थांबली आणि दांडा लांब करून तिनं तोही काढला.

"मुलींना मी सांगते," शेवटी मोरीन म्हणाली. "पण का बंद झाला ते नाही सांगणार. त्या बंबावर फिरलेल्या पोरांना आयुष्यात तेवढी एकच गोष्ट जमलीय. ती नको नासवायला."

"ब्रेंटला शिव्या दे हवं तर."

"त्या मी देणारच आहे, तुझी परवानगी नकोय मला. तुलाही देणार आहे, पण आज नाही. आज दमलेय मी."

मे महिन्यात मुलींची पोहण्याची शेवटची स्पर्धा झाली. आया आल्या, आज्या आल्या. अर्लिस पहिल्या रांगेत होती, आणि तिला बघून मागच्या रांगेत कुजबुज झाली. पैजवाली, पैजवाली.

पुढे एकदा, बऱ्याच दिवसांनी, अर्लिस विल्माकडे कॉफी प्यायला गेली. खानावळ रिकामी होती. विल्मानं केकचा तुकडा पुढे ठेवला, फुकट. फुकट म्हणजे काहीतरी काढून घ्यायचंय, हे अर्लिसला कळलं. ती एवढी कंटाळली होती की तिनं सांगून टाकलं. करार, बक्षिसं, छप्पर, सगळं. फक्त वर एवढं म्हणाली की पोरांच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

विल्मा कधी नव्हे ती मन लावून ऐकत होती. शेवटी तिनं टेबल पुसलं आणि मान हलवली.

"खोटं नसेल," ती म्हणाली. "पण अर्लिस, कलमं आणि टक्के आणि छप्पर, हे ऐकायला कोण बसणार? कॉफी गार होते. पैजेची गोष्ट बरी गं."

"मग तीच सांग," अर्लिस म्हणाली आणि तिनं केक संपवला.

विल्मा अजून तीच सांगते. अलीकडे तिच्या गोष्टीत पैजेची रक्कम वाढलीय आणि शिकागोचा एक काळा कोट घातलेला, पैजा घेणारा माणूसही आलाय. अर्लिस निवृत्त झाली, मोरीनशेजारी घर घेतलं, शुक्रवारी दोघी मासे खायला येतात आणि तो कोटवाला आता कसा दिसतो, याची विल्माकडे चौकशी करतात.

अर्लिस कोटेकनं आपल्या संघाविरुद्ध कधीच पैज लावली नाही. ती रडली, कारण त्या विजयाची बक्षिसं दिल्यावर तलावासाठी पैसे उरणार नव्हते, आणि त्या स्टेडियमात हे तिला एकटीलाच माहीत होतं. ब्यूइकचा गिअरबॉक्स गेला होता.